ऑपरेशनच्या आधी मुलांना वाचून दाखवायला पुस्तक सुचवा (आजारपण, भीती, दुःख यांवरची बालपुस्तकंही चालतील)

मधुमालती

लेक साडेपाच वर्षांची. टॉन्सिल्स आणि ॲडिनॉइड्स काढायचं ठरलंय, पुढच्या महिन्यातली तारीख मिळालीय. रात्री तोंड उघडं टाकून घोरते, मध्येच श्वास अडकतो, दचकून उठते. डॉक्टरांनी नीट समजावलंय आणि आमचं ठरलंय, त्यामुळे 'करावं की करू नये' हा विषय कृपया इथे नको. त्यावर जुना धागा आहे, तिथे भरपूर रणकंदन झालेलं आहे.

माझा प्रश्न तिला सांगायचं कसं, हा आहे. बाईसाहेब पुस्तकवेड्या आहेत. बालवाडीत जायची तयारीसुद्धा शाळेच्या गोष्टी वाचून झाली होती. म्हणून दवाखान्याचं पुस्तक शोधायला निघाले. इंग्रजीत ढिगाने आहेत, पण त्या हॉस्पिटलात मुलाला स्वतंत्र खोली, खोलीभर खेळणी, ऑपरेशन झाल्यावर लालभडक जेली. आमच्याकडे जनरल वॉर्ड, लोखंडी खाट आणि घाईत असलेल्या सिस्टर. एक पुस्तक दाखवलं तर म्हणाली, "हा आपला दवाखाना नाहीये." मराठीत पाहिलं तर दात घासा, हात धुवा, पालेभाज्या खा. तिसऱ्या पानावर तिला वास येतो की हे आपल्याला सुधारायला आलंय, आणि पुस्तक मिटतं.

आणखी एक. डॉक्टरांकडून आल्यापासून झोपायलाच तयार नाही. डोळे मिटले की परत उघडते. घोरण्यामुळे असेल म्हणून सोडून दिलं, पण आता दुपारी बसमध्ये पेंगत असली तरी मान झटकून जागी राहते. झोपेवरचं काही पुस्तक असेल तर तेही सांगा.

निशाचर_पुणे

नेमकं टॉन्सिल्सवरचं मराठी पुस्तक माझ्या पाहण्यात नाही. ज्योत्स्ना प्रकाशनाची चित्रपुस्तकं बघ, त्यांत घरातली साधी माणसं असतात, उपदेश नसतो. नॅशनल बुक ट्रस्टची स्वस्त असतात. 'प्रथम बुक्स'चं 'स्टोरीवीव्हर' हे संकेतस्थळ २०१५ पासून आहे, मराठी पुस्तकं फुकट वाचता येतात, उतरवून छापताही येतात. हिंदी चालत असेल तर भोपाळच्या एकलव्यची पुस्तकं. 'किशोर'चे जुने अंक ऑनलाइन आहेत, पण ते तुझ्या लेकीला अजून दोन-तीन वर्षांनी.

नाना_वडगावकर

आमच्या वेळी टॉन्सिल काढले की आईस्क्रीम मिळणार एवढंच सांगायचे. आम्ही उड्या मारत गेलो. आता टॉन्सिलला पुस्तक, दात पडला पुस्तक, आजी वारली पुस्तक. पोराला जवळ घ्या, डोक्यावर हात ठेवा, झालं. (हलकेच घ्या.)

रानपाखरू

नाना, उड्या मारत गेलात, आलात कसे ते सांगा की.

नाना_वडगावकर

बोंबलत. पण आईस्क्रीम मिळालं.

भूलभुलैया

आयडीवरून ओळखलं असेलच, मी भूलतज्ज्ञ आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी काम करतो. अशी मुलं आठवड्याला बरीच येतात, म्हणून सविस्तर लिहितो.

आईस्क्रीमचं आमिष वाईट नाही, पण तेवढंच सांगून आणलेलं मूल दारातच कळतं. ते खुशीत येतं, हिरवे कपडे आणि टोप्या घातलेली माणसं पाहिली की त्याचा चेहरा बदलतो आणि ते आईकडे बघतं. 'हे तू का नाही सांगितलंस' असा तो चेहरा असतो. त्यानंतर मी काहीही म्हटलं तरी त्याला पटत नाही. याउलट ज्याला मास्कचं, सलाईनचं, पट्टीचं आधी सांगितलेलं असतं, ते मूल रडतं, पण मला सहकार्य करत रडतं. मला तेवढं पुरतं.

'अजिबात दुखणार नाही' असं लिहिलेलं पुस्तक असेल तर घेऊ नका. सुई टोचते. हात बधिर करायचं मलम तास-पाऊण तास आधी लावलं तर कमी टोचते, तशी सोय आहे का विचारा. ऑपरेशन चालू असताना काही कळत नाही हे खरं. पण नंतर घसा दुखतो, कधी कान दुखतो (कानाला काही झालेलं नसतं, घशाची कळ तिकडे जाते), आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी बरं वाटायच्या ऐवजी जास्त दुखतं. हे ज्या घरी सांगितलेलं नसतं तिथे मूल आणि आईबाप दोघेही घाबरतात.

उपाशी राहण्याचंही सांगा. जेवण सहा तास आधी बंद, साधं पाणी साधारण दोन तास आधी बंद. दूधही जेवणातच धरतात. नेमकी वेळ तुमचे डॉक्टर देतील तीच पाळा. सकाळचं दूध का देत नाही हे न सांगितल्यामुळे जितका आकांत होतो तितका सुईमुळेही होत नाही, असा माझा अनुभव आहे.

आता झोपेचं. एक विचारू? घरात अलीकडे कुणी गेलं आहे का?

मधुमालती

हो. दिवाळीनंतर सासरे गेले. रात्री झोपेतच. तिला आम्ही हेच सांगितलं, आजोबा झोपले आणि देवाघरी गेले.

आणि डॉक्टर तिच्यासमोरच म्हणाले होते, काळजी करू नका, आम्ही तिला झोपवू, तिला काही कळणारसुद्धा नाही.

आत्ता लिहिताना हात गार पडलेत.

भूलभुलैया

घाबरू नका, हे फार वेळा होतं. पाच-सहा वर्षांची मुलं मोठ्यांच्या बोलण्यातले दोन तुकडे घेऊन आपापली जोडतात आणि कुणाला विचारत नाहीत. तिच्या हिशेबाने तिचं बरोबर आहे.

ऑपरेशनपर्यंत थांबू नका, आजच सांगा. आजोबांचं हृदय खूप म्हातारं आणि आजारी होतं, ते बंद पडलं. ते झोपले म्हणून गेले नाहीत. ते झोपलेले नसते, खुर्चीत बसलेले असते, तरी तेच झालं असतं. (हृदयाचंच कारण होतं ना, ते तुम्ही बघा, जे खरं असेल ते सांगा.) आणि दवाखान्यातली झोप रात्रीच्या झोपेसारखी नसते. तिचं औषध असतं, ते चालू असेपर्यंतच ती असते. ते देणारा माणूस पूर्ण वेळ शेजारी असतो, दुसरीकडे जात नाही. हृदयाचे ठोके आणि श्वास दाखवणारं यंत्र लावलेलं असतं, ते टुक टुक वाजतं. काम झालं की औषध बंद, मग ती जागी होते. तो शेजारचा माणूस मी असतो, म्हणून सांगतो, हे मुलांना फार आवडतं. एकाने मला विचारलं होतं, "तुम्हाला शू लागली तर?" मी म्हटलं, आधीच करून येतो.

पेटीवाली_ताई

वाचून थांबले आणि मग लिहायला बसले. मी सातारा भागात शाळांमध्ये पुस्तकांच्या पेट्या फिरवते. भिलारला, आपल्या पुस्तकांच्या गावाला, मुलांना घेऊन जाते तेव्हाही हेच दिसतं, म्हणून थोडं लांबण लावते.

'भीतीवरचं पुस्तक द्या', 'रागावरचं द्या' असं म्हणत पालक येतात. मी देते. पण मूल ते पुस्तक घेऊन कुठे जाईल ते आपण ठरवू शकत नाही. चिऊताई-काऊदादाची गोष्ट घ्या. शेणाचं घर, मेणाचं घर, थांब माझ्या बाळाला अंघोळ घालते. आपण सगळे ती ऐकून मोठे झालो आणि चिऊताईच्या बाजूने झालो. आमच्याकडे दुसरीतला एक मुलगा होता, त्याला कुणी खेळात घ्यायचं नाही. गोष्ट संपल्यावर सगळी पोरं हसत होती आणि याने विचारलं, "पण काऊ भिजला त्याचं काय झालं? तो कुठं झोपला?" त्या गोष्टीत तसं काही नाही. मी काही बोलले नाही. मग दुसऱ्या एकाने सांगितलं, त्याला मारुतीच्या देवळात जागा दिली. मग अजून एकाने त्याला भाकरी दिली. अर्धा तास काऊचं पुनर्वसन चाललं होतं. त्या मुलाला मी एका शब्दानेही विचारलं नाही की तुला कुणी खेळात घेत नाही का. विचारलं असतं तर तो गप्प झाला असता.

म्हणून सांगते, गोष्ट संपल्यावर 'मग काय शिकलीस?' हा प्रश्न बंद करा. पान उलटायची घाई करू नका. चित्राकडे बोट दाखवून ती काही म्हणाली तर ऐका, नाही म्हणाली तर पुढे. तेच पुस्तक तिने चौथ्यांदा मागितलं तर कंटाळू नका, तिला त्यात अजून काहीतरी काम बाकी आहे.

मधुमालती, तुमच्या लेकीला दोन वेगळी पुस्तकं लागतील असं वाटतं. एक दवाखान्याचं, खरंखुरं, माहितीचं. ते तुम्हीच घरी करा. तपासणीला जाल तेव्हा विचारून फोटो काढा, लिफ्टचा, खाटेचा, जिन्याचा. माणसांचे काढू नका, ती चित्रात काढील. दुसरं आजोबांचं. त्यात दवाखाना आणू नका. आजोबा काय खायचे, कुठे बसायचे, तिला काय म्हणून हाक मारायचे. आजोबा गेल्यावर तिने आठवणी सांगितल्या असतीलही, पण त्या ठेवायला तिला जागा मिळालेली दिसत नाही.

नाना_वडगावकर

ताई, चिऊकाऊ तोंडी सांगितलीत की! पुस्तक कुठे आलं यात? आणि शेवटी तुम्हीही तेच करताय. कडू गोळी केळ्यात खुपसून द्यायची. केळं म्हणजे गोष्ट, गोळी म्हणजे तुमचं ते भावनिक आरोग्य.

पेटीवाली_ताई

नाना, पोरं केळं खातात आणि गोळी थुंकून टाकतात, हे तुम्हाला माहीत नाही असं म्हणू नका. म्हणूनच मी गोळी घालत नाही. नुसतं केळं देते.

तोंडी गोष्ट उत्तमच. तुमच्यासारखे सांगणारे घरात असतील तर पुस्तक नसलं तरी चालेल. पण आजोबा गेले त्या घरात सगळेच रडवेले असतात, कुणाच्या तोंडून गोष्ट येत नाही. पुस्तकातलं वाक्य मोठ्या आवाजात वाचता तरी येतं. मूल आणि आई दोघींचे डोळे पानाकडे असतात, एकमेकींकडे बघावं लागत नाही. त्याने बोलणं सोपं जातं.

सोलापुरी_चादर

धागा वाचतोय. माझं प्रकरण वेगळं आहे पण सांगतो.

मुलाला टाइप १ मधुमेह आहे, पहिलीत असताना निघाला. त्याला स्वतःला समजवायला फार त्रास झाला नाही. त्रास झाला तो बाकीच्या दुनियेचा. नातेवाईक म्हणणार, गोड फार द्यायचा तुम्ही. (टाइप १ गोड खाऊन होत नाही. स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी शरीर स्वतःच मारून टाकतं.) वर्गात एकाने सांगितलं, याच्या शेजारी बसलं की आपल्यालाही सुया लागतात. झालं, बाकावर एकटा.

मग आम्ही दोघांनी मिळून पुस्तक केलं. कागद दुमडून मध्ये स्टेपलच्या पिना. चित्रं त्याची, अक्षर माझं. 'माझ्या पोटात इन्सुलिन बनत नाही, म्हणून मी ते बाहेरून घेतो.' 'हे माझ्यापासून तुम्हाला होणार नाही. माझा डबा खाल्लात तरी होणार नाही, पण डबा विचारून खा.' 'मला घाम आला, हात थरथरले किंवा मी उगाच भांडायला लागलो तर बाईंना सांगा. दप्तराच्या पुढच्या कप्प्यात ग्लुकोज आहे.' शुगर सत्तरच्या खाली गेली की काय करायचं ते बाईंना वेगळ्या कागदावर लिहून दिलं. पुस्तकात ते घातलं नाही, पोरांवर तेवढा भार नको.

बाईंनी ते वर्गात वाचलं. मुलगा शेजारी उभा राहून चित्रं दाखवत होता. परिणाम असा झाला की पोरं दर पाच मिनिटांनी विचारायला लागली, "घाम आला का रे?" पी.टी.च्या तासाला तर सगळ्यांनाच घाम. एकदा वर्गात भांडण झालं तर तीन जण ग्लुकोज घेऊन धावले, शुगर एकशे चाळीस होती, त्याचं खरंच भांडण होतं.

पण बाकावर एकटा नाही बसत आता.

मधुमालती

दादा, डबा विचारून खा वाचून खूप दिवसांनी मोठ्याने हसले.

जर्सीची_आजी

नातवंडांमुळे इकडे अमेरिकेत असते, म्हणून एक सांगते. इथे मुलाला नियमित तपासणीला नेलं की पुष्कळ ठिकाणी बालरोगतज्ज्ञ वजन-उंची बघतात, लस देतात आणि हातात एक पुस्तक देतात, घरी न्यायला. 'रीच आउट अँड रीड' नावाचा उपक्रम आहे, १९८९ साली बॉस्टन सिटी हॉस्पिटलात सुरू झाला. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये आपल्या डॉक्टरांना सांगितलं, की बाळ अगदी लहान असल्यापासून त्याला मोठ्याने वाचून दाखवायला आईबापांना सांगा. म्हणजे दूध किती पितो, झोपतो किती, तसं वाचता का हेही विचारायचं.

मला गंमत वाटली ती याची, की डॉक्टर पुस्तक बाळाच्या हातात देतात आणि बघत बसतात. बाळ ते उलटं धरतं की सुलटं, पान उलटतं का, चित्र बघून आवाज काढतं का, आईकडे वळून बघतं का. पुस्तक देता देता तपासणी होऊन जाते. आपल्याकडे लसीकरणाच्या दिवशी अंगणवाडीत असं करायला काय हरकत आहे?

अवांतर: नातीला मराठी पुस्तकं वाचून दाखवते. ती इंग्रजीत उत्तरं देते. पण रडायचं असलं की मराठीत रडते.

ढगाळ_बीड

आजी, अंगणवाडीत वजनकाटा चालू राहिला तरी पुष्कळ. पण बोलणं बरोबर आहे.

मी बीड जिल्ह्यात जि.प. शाळेत शिकवते. आमच्याकडे आजार वेगळाच. दिवाळी झाली की अर्धं गाव उसाच्या फडावर. मुकादमाची उचल घेतलेली, कोयता घेऊन नवरा-बायको जातात, ते उन्हाळ्याच्या तोंडाला येतात. काही लेकरं सोबत जातात, काही आजीजवळ नाहीतर हंगामी वसतिगृहात राहतात. राहिलेल्या लेकरांचं सोमवारी सकाळी पोट दुखतं. आधी डॉक्टरांना दाखवून घेते, जंत असतात, उपाशी असतात, तेही खरं. पण डॉक्टरांनी काही नाही म्हटलं तरी दुखतंच.

सोलापूरच्या दादांचं सगळं पटलं, पण आमच्या वर्गात सरळ वाचून होत नाही. 'आई ऊसतोडीला गेली' असं पुस्तक मी वाचायला घेतलं तर लेकरं खाली बघतात. कुणी कुणाच्या समोर रडत नाही. त्यापेक्षा पक्ष्याचं चालतं. घरट्यात पिल्लू, आई लांब दाणे आणायला गेली, आली नाही, अंधार पडला, असं एक चित्रपुस्तक आहे आमच्याकडे. ते वाचलं की जो आवाज चढतो! पिल्लाला मोबाईल नाही का, पिल्लाची आजी कुठंय, ती म्हातारी आहे तिला ऐकू येत नाही, तिच्याकडे बॅलन्स नाही. सगळं तिथलं सांगतात, पण पिल्लाचं म्हणून.

मग आम्ही 'पिल्लाची वही' केली. पिल्लाने आज काय खाल्लं, कुणाशी कट्टी झाली, कोणता पाढा पाठ झाला. एकेक पान एकेकाने काढायचं. शनिवारी फोटो काढून फडावर पाठवते, ज्या टोळीत कुणाकडे चांगला फोन असेल त्याच्यावर. तिकडून आवाजाची क्लिप येते. एका आईने सांगितलं, पिल्लाला म्हणावं अंगात गरम घाल. पोरगी तशी उठून दप्तरातून स्वेटर काढून घालून बसली. वर्गात कुणीच काही बोललं नाही, सगळ्यांना कळलं होतं.

सोलापुरी_चादर

बाई, मान्य. माझ्या पोराला वर्गाला माहिती द्यायची होती, तुमच्या लेकरांना ती आधीच आहे.

अनुराधा_समुपदेशक

मी लहान मुलांबरोबर काम करते. ढगाळ_बीड यांनी जे लिहिलंय ते आम्ही वर्षानुवर्षं शिकून करायचा प्रयत्न करतो.

थोडंच लिहिते. पुस्तक निवडताना आधी एकट्याने पूर्ण वाचा. ज्या पानावर तुमचाच आवाज अडकेल असं वाटतं, ते पान मुलासमोर पहिल्यांदा वाचू नका. मुलासमोर रडू आलं तर लपवायची गरज नाही, 'मला आजोबांची आठवण आली' एवढं म्हणा आणि पुढे वाचा.

आजारपण ही शिक्षा आहे, असं या वयाच्या मुलांना सहज वाटतं. त्यात आपण भर घालतो. 'ऐकलं नाहीस तर डॉक्टरकाका सुई देतील' हे वाक्य घराघरांत आहे. निदान ऑपरेशनपर्यंत तरी ते घरातल्या सगळ्यांनी, शेजारच्या काकूंसकट, बंद करावं. आणि पुस्तकात एक पान असं असू द्या, की हे तू काही केलंस म्हणून झालेलं नाही.

आठ-नऊ वर्षांच्या पुढच्या मुलांसाठी 'तोत्तोचान' हातात ठेवा. नॅशनल बुक ट्रस्टचं आहे, चेतना सरदेशमुख-गोसावी यांचा अनुवाद. पोलिओ झालेला मित्र यासुआकी-चान, त्याला झाडावर चढवायची छोट्या तोत्तोचानची धडपड, आणि पुढे त्याचं जाणं. त्याने वाचायला दिलेलं पुस्तक आता परत कुणाला द्यायचं, हा तिचा विचार आहे तिथे माझ्याकडची पुष्कळ मुलं थांबतात. मृत्यूची व्याख्या द्यावी लागत नाही.

पण पुस्तकावर सगळं सोडू नका. मूल बरेच आठवडे नीट जेवत नाही, झोपत नाही, थांबलेलं अंथरुण ओलं करणं परत सुरू झालंय, शाळेत जायचं नाव काढत नाही, किंवा 'मी मरून जाईन' असं बोलतंय, तर तज्ज्ञांकडे जा. टेली मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन १४४१६, मराठीत बोलता येतं. मुलांवर अत्याचार, मारहाण असा काही संशय असेल तर १०९८.

रानपाखरू

धागा वाचनखुणांत टाकला. मधुमालती, काय झालं पुढे?

मधुमालती

सगळ्यांना उशिरा उत्तर देतेय, माफ करा. ऑपरेशन झालं, घरी आलो.

आजोबांचं त्याच रात्री सांगितलं. आधी नवऱ्याने सुरुवात केली, त्याला जमेना, मग मी. हृदयाचंच होतं. तिने एकच विचारलं, "माझं हृदय किती वर्षांचं आहे?" म्हटलं, तुझ्याएवढंच, साडेपाच. मग म्हणाली, "म्हणजे नवीन आहे." लगेच झोपली असं नाही, पण बसमध्ये डोकं मांडीवर टेकायला लागली.

आजोबांचं पुस्तक अजून चालू आहे. त्यात सध्या तरी सगळी पानं खाण्याची आहेत, शेंगदाण्याचा लाडू, चहात बुडवलेला टोस्ट, आजीला न सांगता खाल्लेली जिलबी.

दवाखान्याचं पुस्तक शेवटच्या आठवड्यात केलं. लिफ्ट, खाट, सिस्टरच्या खिशाला लावलेलं उलटं घड्याळ (हे तिला दिसलं, मला कधीच दिसलं नव्हतं). भूलतज्ज्ञांना तिने हत्तीएवढे कान काढले, कारण त्यांना पूर्ण वेळ श्वास ऐकायचा असतो. 'थोडं दुखेल' असं मी लिहिलं होतं, ते तिला चाललं नाही. थोडं म्हणजे किती? मग तिनेच गोळे काढले, मुगाएवढा, सुपारीएवढा, लिंबाएवढा, नारळाएवढा. ऑपरेशनच्या दिवशी पुस्तक उशाशी होतं. तिथल्या भूलतज्ज्ञ मॅडमनी स्वतःचे कान असलेलं पान पाहिलं आणि मास्क लावताना विचारलं, कोणत्या कानाने ऐकू? डावा म्हणाली. रडली, पण हात सोडून गेली.

आल्यावर घसा फार दुखत होता, बोलता येत नव्हतं. पुस्तक उघडून लिंबावर बोट ठेवलं. संध्याकाळी औषधानंतर सुपारी. काल परत लिंबू, आणि आज सकाळी लिंबू-नारळाच्या मध्ये कुठेतरी. कानही दुखतोय. तुम्ही लिहिलं होतं म्हणून घाबरले नाही, पण घशात पांढरं पांढरं दिसतंय. पू आहे का?

भूलभुलैया

डावा कान! हे मी वापरणार.

लिंबू-नारळ उत्तम आहे. आम्ही सहा चेहऱ्यांचा तक्ता वापरतो, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत, शून्य ते दहा. तिने तेच केलंय, फक्त मंडईतलं.

पांढरा थर म्हणजे जखम भरतेय, बहुधा पू नाही. तोंडाला वास येईल, तेही चालतं. तरी एकदा फोटो तुमच्या सर्जनना पाठवून ठेवा. दुखणं आता एक-दोन दिवस असंच राहील. औषध वेळेवर द्या, नारळ होईपर्यंत थांबू नका. रात्री उठवून द्यायचं की नाही ते त्यांना विचारा. पाणी घोट घोट पाजत राहा, घसा कोरडा पडला की जास्त दुखतो. लघवी कमी होतेय का बघा. गार दूध, मऊ भात, आईस्क्रीम (नाना खूश).

आणि एक लक्षात ठेवा, साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसात तो थर सुटतो. तेव्हा ताजं लाल रक्त थुंकीत दिसलं, किंवा ती सारखी गिळतेय असं झोपेतसुद्धा वाटलं, तर इथे विचारत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा. रात्री दोन वाजलेले असले तरी.

नाना_वडगावकर

कोणत्या फ्लेवरचं द्यायचं तेही डॉक्टरांनी लिहावं.